हलक्या रानातला मका : खत मोजून, मुळाशी

गेल्या वर्षी जुलैत एका रविवारी गावी गेलो होतो. वहिनींनी रानात नेले. दोन एकर गायरान, वरचा वीतभर थर सोडला तर खाली नुसता मुरूम. मका गुडघ्याएवढा झालेला, पण खालची पाने टोकाकडून पिवळी पडत चाललेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उसनवारी करून युरियाची गोणी आणली. सकाळी फेकली, रात्री धो धो पाऊस झाला. गोणी मक्यानं खाल्ली की पावसानं, तुम्हीच सांगा."

मी कारकून माणूस. पण हिशेब मला कळतो, आणि इथे चुकला होता तो हिशेबच.

आपल्या लोकांच्या वाट्याला चांगली काळी जमीन क्वचितच आली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो पडीक आणि गायरान जमिनींसाठीही होता. अशी जमीन म्हणजे फाटका खिसा. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि मुरमातून मुळांच्या खाली निघून जातो. वर उघडा राहिला तर त्यातले नत्र हवेत उडते. एक तारखेचा पगार एकाच दिवशी उधळावा आणि उरलेला महिना उपाशी काढावा, तसे हे आहे.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात अशाच वाळूमिश्रित, कसहीन जमिनी आहेत. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या संस्थेने तिथे मका, ज्वारी, बाजरीसाठी साधा उपाय सांगितला. बाटलीचे एक बूच भरून अमोनियम नायट्रेट घ्यायचे आणि तीन रोपांच्या मुळाशी वाटून द्यायचे. हेक्टरी जेमतेम १७ किलो नत्र, म्हणजे खताची एक गोणी. २००३-०४ च्या हंगामात १ लाख ७० हजारांहून अधिक कुटुंबांनी हे केले आणि धान्य ३० ते ५० टक्के वाढल्याचे दिसले. बाटली आपल्या घरात नको, पण बूच मात्र उपयोगाचे आहे!

आता आपला हिशेब. संकरित मक्याला आपल्याकडे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला हे साधारण एक गोणी डीएपी, जवळपास दोन गोण्या युरिया आणि २७ किलो पोटॅश होते. डीएपी व पोटॅश पेरणीच्या वेळी द्यावे. बियाण्याला न चिकटता, थोडे बाजूला आणि खाली. नत्राचे तीन हप्ते करावेत : पेरताना, तीस दिवसांनी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी.

एवढी ऐपत नसेल आणि युरियाची एकच गोणी हाती असेल, तर ती फेकू नये. तिचे दोन भाग करून तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी द्यावेत. ७५ बाय २० सेंटिमीटरवर लावलेल्या एकरात सुमारे २७ हजार रोपे असतात. ४५ किलोची गोणी वाटली तर रोपामागे दोन्ही हप्ते मिळून पावणेदोन ग्रॅमही येत नाही. म्हणून माप हवे. दहा बुचे युरिया दुकानदाराच्या काट्यावर तोलून पाहावा, म्हणजे एक बूच किती रोपांना पुरते ते समजेल. वाफसा असताना, बुंध्यापासून चार बोटे अंतरावर खत टाकून मातीआड करावे. जोराच्या पावसाची चिन्हे असतील तर एक-दोन दिवस थांबावे.

मक्याची पानेही बोलतात. खालचे पान टोकाकडून मधल्या शिरेने पिवळे पडले तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश कमी. पाने जांभळी झाली तर स्फुरद कमी. कोवळ्या पानावर पांढरट पट्टे दिसले तर जस्त कमी. नक्की समजायला माती तपासून घ्यावी.

एक ध्यानात ठेवावे. बूच हे शेणखताला पर्याय नाही. फाटका खिसा शिवायचा असेल तर उकिरड्यातले कुजलेले खत दरवर्षी रानात गेलेच पाहिजे. नाहीतर जमीन आणखी रिती होईल.

यंदा वहिनींनी गोणीचे दोन भाग केले. सातवीतल्या पुतणीने वहीत बुचांचे गणित मांडले आणि मायलेकींनी ओळीने खत दिले. दोन दिवस कंबर मोडली खरी. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उसनं फेडायचं तर दाणा न् दाणा मक्यालाच गेला पाहिजे."