पात्यापर्यंतची वाट

खांद्याचं पातं सहजासहजी मोडत नाही. एकूण अस्थिभंगांत त्याचा वाटा शेकडा एकाच्याही आत. सतरा स्नायू या एका चपट्या, तिकोनी हाडाला धरून असतात. ते मोडलं, तर मार जबरदस्तच असतो: हायवेवरची धडक, उंचावरून पडणं, अंगावर उलटलेला ट्रॅक्टर. म्हणून अशा पेशंटची आधी छाती तपासायची. बरगड्या, फुफ्फुस, कॉलर बोन, हाताकडे जाणाऱ्या नसा यांपैकी कशाला ना कशाला बहुतेकदा इजा झालेली असते. जीव वाचवण्याच्या धांदलीत पातं मागे पडतं, ते पार विसरेपर्यंत. या दुर्लक्षित हाडावर माझी माया जडली ती त्यामुळेच.

मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ या सर्जनांच्या गटाची स्थापना झाली आणि प्लेट-स्क्रूच्या शास्त्राला शिस्त आली. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला. आज तुटलेलं पातं पडद्यावर गोल फिरवून सगळ्या बाजूंनी पाहता येतं.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. बहुसंख्य पात्यांना ऑपरेशन लागत नाही. भोवतालचे स्नायू तुकडे धरून ठेवतात, रक्तपुरवठा भरपूर असतो, झोळीत हात ठेवला की सहा आठवड्यांत हाड जुळून येतं. सुरी उचलायची ती ठरावीक कारणांसाठी. सांध्याच्या वाटीतच चीर गेली आणि तिथे चार-पाच मिलिमीटरची पायरी पडली. पात्याची बाहेरची कड दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकली. तुकडे ४५ अंशांनी दुमडले. किंवा वाटीची मानच खाली झुकली. हा झुकाव मोजायचा एक कोन आहे. तो एरवी ३० ते ४५ अंश असतो. २२ च्या खाली घसरला की माझ्या मनातली घंटा वाजते. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० पैकी सुमारे ६० अंश पात्याच्या फिरण्यातून येतात. वाटीच वाकडी जुळली, तर हात वर नेणारे स्नायू ताकद कुठून आणणार?

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो: या हाडापर्यंत पोहोचायचं कसं? पॅरिसचे रोबेर जुदे यांनी १९६४ मध्ये पाठीमागून जाणारी वाट मांडली. पेशंट कुशीवर, किंचित पुढे कललेला, हात मोकळा. छेद खांद्याच्या टोकापासून पात्याच्या कण्यावरून, म्हणजे त्याच्या मागच्या आडव्या उंचवट्यावरून, मणक्यांच्या दिशेनं येतो आणि आतल्या कडेशी वळून खाली उतरतो. डेल्टॉइड स्नायू कण्यावरून सोडवायचा. मग पात्याच्या मागच्या पृष्ठभागावर पसरलेला इन्फ्रास्पायनॅटस आतल्या कडेपासून बाहेरच्या दिशेनं अख्खा उचलायचा. त्याची नस आणि रक्तवाहिन्या बाहेरच्या बाजूला, कण्याच्या मुळाशी असलेल्या खाचेतून येतात, म्हणून स्नायू तिथेच जोडलेला राहतो. पुस्तकाचं पान उलटावं तसा तो बाजूला होतो आणि सगळं पातं समोर उघडं पडतं. ओढ जास्त पडली की नस दुखावते. म्हणून रिट्रॅक्टर धरणाऱ्या मदतनिसाला मी दर थोड्या वेळानं हात सैल सोडायला सांगतो.

तुटलेली जागा फक्त बाहेरच्या कडेवर असेल, तर एवढं उचलण्याचीही गरज नाही. इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरिस मायनर यांच्यामधल्या फटीतून शिरता येतं. दोघांना वेगवेगळ्या नसा, त्यामुळे मधली वाट निर्धोक. फक्त कडेला वळसा घालून येणारी धमनी आधी शोधून बांधायची. ती निसटली की रक्तानं सगळं भरून जातं.

आणि मग स्क्रू. मधलं हाड इतकं पातळ, की सुटं पातं उजेडासमोर धरलं तर प्रकाश आरपार दिसतो. तिथे स्क्रूला पकड कसली? जाडी फक्त कडांना, कण्याला आणि वाटीच्या मानेला. आतल्या कडेला आठ-दहा मिलिमीटरचा स्क्रूही पुरतो. त्यामुळे लहान प्लेटी हातानं वाकवून कडेच्या वळणावर तंतोतंत बसवाव्या लागतात.

इथे मला अँटवर्पचे आल्बँ लांबोत (१८६६–१९५५) आठवतात. तुटलेलं पातं पहिल्यांदा धातूनं जोडण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, साल १९१०. स्वतःच्या प्लेटी आणि हत्यारं ते स्वतः घडवत. फावल्या वेळात व्हायोलिन बनवत! त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मिरजेत गेलो की सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांच्या गल्लीत रेंगाळतो. लाकडावर बोट फिरवून कुठे किती तासायचं ते ठरवणारा कारागीर पाहिला, की वाटतं, शिकाऊ सर्जनांना महिनाभर इथे बसवावं. हाताची ही समज पुस्तकातून येत नाही, हे माझं ठाम मत.

तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार आठवतो. बाइकवरून पडला होता. बरगड्या सावरल्या, पण वाटीची मान पुरती झुकलेली. "डॉक्टर, हात वर गेला नाही तर मांडवाखाली छाटणी कशी करू?" हा त्याचा एकमेव प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन केलं. दुसऱ्याच दिवसापासून फिजिओथेरपिस्टनं हात हलवायला घेतला. वजन उचलायला मात्र तीन महिने बंदी. पुढच्या ऑक्टोबर छाटणीला दोन्ही हात वर करून तो बागेत उभा होता. पूर्वीची ताकद यायला आणखी काही महिने गेले, तेही सांगायला हवं. व्यायाम त्यानं एक दिवस चुकवला नाही. निम्मं यश त्याचं.

त्याचं नशीब, की तो वेळेत आला. तीन आठवडे उलटले की नवं हाड धरू लागतं, तुकडे हलेनासे होतात आणि ऑपरेशन दुप्पट अवघड बनतं. वाचकहो, घरातल्या कुणाला मोठा अपघात झाला आणि पाठीमागे खांद्याशी दुखत असेल, तर छाती सावरल्यावर डॉक्टरांना पात्याबद्दल आवर्जून विचारा. फ्रॅक्चर निघालं आणि तुकडे सरकलेले दिसले, तर त्रिमितीय सीटी स्कॅन करून घ्या. ऑपरेशन हवं की नको, हा निर्णय पहिल्या दोन आठवड्यांत झाला पाहिजे.