मनाली–लेह रस्ता आणि एकट्याची कॅम्पर व्हॅन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनाली ते लेह हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 चा शेवटचा आणि सर्वांत उंच टप्पा. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, रोहतांगची चढण टळली आणि अंतर 46 किलोमीटरने कमी होऊन साधारण 430 किलोमीटरवर आले. बोगद्यापलीकडे बारालाचा ला (सुमारे 4,890 मीटर), नकी ला, लाचुंग ला आणि तंगलंग ला (5,328 मीटर) अशा चार खिंडी ओलांडाव्या लागतात. मागे बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली गाडी घेऊन एकट्याने या रस्त्याला लागणारे आता महाराष्ट्रातूनही निघतात. त्यांच्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच समजूत असते: घर गाडीतच आहे, तेव्हा जिथे अंधार पडेल तिथे मुक्काम. हा रस्ता ती मोकळीक देत नाही. मुक्काम कुठे करायचा हे तिथली उंची, पाणी आणि मागे फिरायची सोय ठरवते.

"अ‍ॅपवर ऊन दाखवले आहे"

मोबाइलवरचे हवामान अ‍ॅप जो अंदाज देते तो बहुधा काही किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाची सरासरी असतो. सपाटीवर हे चालून जाते. डोंगरात त्याच चौकोनात नदीचे पात्रही असते आणि हजार-दीड हजार मीटर उंचीचा कडाही. तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मनालीची उंची 2,050 मीटर धरली आणि तिथे 15 अंश असले, तर बारालाचा ला येथे त्याच वेळी शून्याच्या खाली तीन-चार अंश असणे स्वाभाविक आहे. म्हणजे मनालीत पत्र्यावर वाजणारा पाऊस खिंडीत बर्फ होऊन पडत असतो आणि अ‍ॅपवर दोन्ही ठिकाणी ढगाचे एकच चित्र दिसू शकते.

रडारलाही डोंगराची अडचण आहे. डॉप्लर रडारच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मध्ये कडा आला की त्यामागची दरी त्यांना दिसत नाही. हिमाचलात कुफरी येथे 2021 मध्ये असे रडार सुरू झाले, नंतर आणखी बसवली गेली. तरीही ढगफुटीचा नेमका नाला आधी सांगता येत नाही. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या लहानशा भागात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. शेजारच्या दरीत त्याच वेळी ऊन असू शकते.

मग अंदाज बघायचाच कशाला? तारखेसाठी आणि दिशेसाठी. भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे हे 'कुठल्या दिवशी निघू नये' याचे उत्तर म्हणून वाचावेत. कुल्लू, लाहौल-स्पिती आणि लेह या तिन्ही जिल्ह्यांचे इशारे एकत्र पाहावे लागतात, कारण रस्ता तिन्हींतून जातो. जुलै 2023 मध्ये मुसळधार पावसाने मनालीजवळ बियासने महामार्गाचे तुकडे केले. त्याच दिवसांत उंचावरच्या चंद्रताल येथे बर्फ पडून पर्यटक अडकले होते.

"बोगदा ओलांडला की पावसाळा संपला"

यात अर्धे खरे आहे, म्हणून हा गैरसमज जास्त घातक. पीर पंजाल रांग मोसमी पावसाचा मोठा भाग अडवते. लाहौल कोरडा होतो, लडाख तर थंड वाळवंटच. लेहचा वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास. कोकणात जुलैतल्या एका जोरदार दिवसात याहून जास्त पडतो. पण कमी पाऊस म्हणजे कमी धोका हे गणित इथे बसत नाही. उतारांवर गवत-झाडांचे आवरण नाही, माती सैल आणि दगडगोट्यांनी भरलेली. थोडा पाऊस झाला तरी चिखल, राडारोडा आणि शिळा एकत्र खाली येतात. 6 ऑगस्ट 2010 च्या पहाटेपूर्वी लेहमध्ये असेच झाले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली.

शिवाय इथले हवामान एकट्या मोसमी वाऱ्यांवर चालत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात जास्त असले तरी वर्षाच्या इतर वेळीही येतात. सप्टेंबर हा या रस्त्याचा सुरक्षित महिना मानला जातो. सप्टेंबर 2018 च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला आणि शेकडो प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले.

"नदीकाठची सपाट जागा सगळ्यात सुरक्षित"

कॅम्परला सपाट जागा हवी असते, नाहीतर झोपणाऱ्याचे डोके पायांपेक्षा खाली जाते. डोंगरात सपाट जागा फुकट मिळत नाही; ती कुणीतरी आणून टाकलेली असते, आणि तो कुणीतरी बहुधा नालाच असतो. बाजूची दरी मुख्य नदीला मिळते तिथे पंख्याच्या आकाराचा दगडगोट्यांचा उतार दिसला, तर तो पूर्वीच्या लोंढ्यांनी साचलेला आहे. पुढचा लोंढाही तिथेच उतरणार. जुलै 2021 मध्ये लाहौलच्या तोझिंग नाल्याला आलेल्या पुरात माणसे आणि गाड्या वाहून गेल्या. मुक्कामासाठी नाल्याच्या तोंडापासून दूर, पात्रापेक्षा बरीच वर असलेली जुनी पायरी निवडावी. तिथे वारा लागतो, हे खरे.

नाला ओलांडण्याची वेळही अशीच उलटी समजली जाते. आकाश निरभ्र आहे, म्हणजे पाणी कमी असेल, असा तर्क सह्याद्रीत चालतो. इथे निरभ्र दिवस म्हणजे कडक ऊन आणि कडक ऊन म्हणजे वितळणारा बर्फ. सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारी तीन-चारनंतर गुडघ्याच्या वर जाते. लाहौल-स्पितीत एकापेक्षा जास्त नाल्यांना लोक 'पागल नाला' म्हणतात ते यामुळेच. सुमारे 30 सेंटिमीटर खोल वाहते पाणी लहान गाडीला ढकलू शकते आणि 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. कॅम्परचे वजन जास्त असले तरी तिचा डबा उंच आणि पोकळ असतो. पाण्याला दाबायला मोठी बाजू मिळते. पाणी चढलेले असेल तर पहाटेपर्यंत थांबणे हा एकमेव शहाणपणा आहे, आणि अलीकडच्या काठावर जेवणाची-झोपण्याची सोय असल्याने कॅम्परवाल्याला तो परवडतो.

"रोज व्यायाम करणाऱ्याला उंची लागत नाही"

तब्येत ठणठणीत असणे आणि उंची सोसणे यांचा संबंध फारच थोडा आहे. 1962 च्या युद्धानंतर भारतीय लष्करी डॉक्टरांनी हिमालयात घाईने वर नेलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास केला. तो 1969 मध्ये प्रसिद्ध झाला आणि उंचीच्या आजारावरचा पायाभूत संदर्भ ठरला. त्यातले रुग्ण तरुण होते, सुदृढ होते. उलट धडधाकट माणूस भरभर वर चढतो, डोके दुखले तरी दुर्लक्ष करतो आणि जास्त अडचणीत येतो.

कळीचा आकडा खिंडीच्या उंचीचा नसून झोपण्याच्या जागेच्या उंचीचा आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दर रात्री 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. आता हाच संकेत या रस्त्यावर लावून पाहावा. मनालीहून निघून पहिल्याच रात्री सरचूला (सुमारे 4,290 मीटर) झोपणारा एका दिवसात 2,200 मीटर वर गेलेला असतो. पांगला मुक्काम केला तर आणखी तीनशे मीटर. मधल्या मुक्कामाच्या जागा जिस्पा किंवा केलाँग, दोन्ही 3,100–3,200 मीटरच्या आसपास. तिथे दोन रात्री काढून, पहाटे निघून चारही खिंडी ओलांडून 3,500 मीटरवरच्या लेहच्या खोऱ्यात उतरणे हा दमवणारा दिवस असतो, पण शरीराला तो सरचूच्या रात्रीपेक्षा सोपा जातो. सरचूचे पठार विलोभनीय आहे आणि गाडी लावायला जागाच जागा आहे. नेमकी हीच कॅम्परवाल्याची फसगत.

रस्त्याची रचनाही ध्यानात घ्यावी. सरचूत बरे वाटेनासे झाले तर 'खाली उतरा' हा उपाय लगेच हाती नसतो: पुढे नकी ला आणि लाचुंग ला, मागे बारालाचा ला. कुठल्याही बाजूला उतरायचे तर आधी चढावे लागते, तेही रात्री, तेही दुखऱ्या डोक्याने गाडी चालवत. मेंदूवर सूज येऊ लागली की चाल लडखडते, बोलणे विस्कळीत होते, निर्णय चुकतात, आणि हे ज्याला होते त्याला ते कळत नाही. सोबत कुणी असेल तर तो ओळखतो. एकट्याने मुक्काम किमान ढाबेवाल्याच्या हाकेच्या अंतरावर करावा.

डायमॉक्सची गोळी लक्षणे झाकते, हाही प्रचलित समज चुकीचा. तिच्यातले अ‍ॅसिटाझोलामाइड श्वासाचा वेग वाढवून शरीराला लवकर रुळायला मदत करते. मात्र गोळी म्हणजे घाईने चढण्याचा परवाना नव्हे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असताना, घेऊ नये.

"खिडकी किंचित उघडी ठेवली की शेगडी चालते"

थंडीत गाडीत कोळशाची सिगडी किंवा गॅसची शेगडी पेटवून झोपणे जीवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उंचीवर हवेत ऑक्सिजन आधीच कमी, त्यामुळे ज्वलन अर्धवट होते आणि हा वायू जास्त तयार होतो. एक फट किती हवा आत घेईल हे वाऱ्यावर अवलंबून असते. रात्री बर्फ पडला तर ती फटही बुजते. इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्याचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला तर धूर आत येतो.

त्यातली गुंतागुंत अशी की या विषबाधेची पहिली लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, अगदी उंचीच्या आजारासारखीच असतात. माणूस उंचीला दोष देत पांघरूण ओढतो. अशा वेळी आधी आग विझवून गाडीबाहेर मोकळ्या हवेत यावे. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर नीट बसवलेला असेल तर तो सुरक्षित, पण विरळ हवेत त्यातही काजळी धरते. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड सूचक खिशाला जड नाही. तो नसताना जाड स्लीपिंग बॅग आणि गरम पाण्याची पिशवी यांवरच भागवावे.

"रबरी टायरमुळे वीज लागत नाही"

हजारो मीटरची हवा भेदून आलेल्या विजेला काही इंच रबर काय अडवणार? गाडीत बसलेला वाचतो तो भोवतालच्या धातूच्या कवचामुळे. वीज त्यावरून जमिनीत जाते. म्हणून पत्र्याच्या व्हॅनमध्ये, दारे-खिडक्या बंद करून, धातूला हात न लावता बसणे सुरक्षित. फायबरचा डबा किंवा टपावर उघडणारा तंबू यांत ते कवच नसते.

"घाटात गाडी चालवायची सवय आहे"

सवय उपयोगी पडते, पण कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे मनालीच्याही खाली. तंगलंग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो इंजिन काही प्रमाणात भरपाई करते, तरी सामानाने लादलेली कॅम्पर चढणीला धापा टाकते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चढते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा नियम इथे जीवनमरणाचा आहे, कारण थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणे कठीण.

उताराला न्यूट्रल केले की डिझेल वाचते, हा समज तर पूर्ण उलटा. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना आधुनिक इंजिन इंधन तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र बंद पडू नये म्हणून इंजिनाला इंधन लागतेच. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि परतीला, नकी लाकडून सरचूकडे उतरताना, गाटा लूप्सच्या 21 वळणांच्या मध्येच पकड सोडू शकतात.

टायरमधली हवा उंचीवर मुद्दाम कमी करण्याचीही गरज नाही. बाहेरचा दाब घटल्यामुळे मनालीत भरलेली हवा तंगलंग ला येथे गेजवर सुमारे 4 पीएसआयने जास्त दिसते, तर तापमान 25 अंशांनी उतरले की जवळपास तितकीच कमी होते.

थंडीचा फटका टायरपेक्षा इतर गोष्टींना बसतो. साध्या डिझेलमधले मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. म्हणूनच लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल नोव्हेंबर 2019 मध्ये आणले गेले. लहान डब्यातला ब्यूटेन गॅस शून्याच्या आसपास बाष्परूप होत नाही आणि शेगडी पेटत नाही. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडू शकते, त्यामुळे पहाटे सौर पॅनेलवर ऊन पडले तरी बॅटरी गरम होईपर्यंत थांबावे लागते.

"फोन आहे, सॅटेलाइटवालेही यंत्र घेता येईल"

जिस्पानंतरच्या दारचाच्या पुढे लांबलांब पट्ट्यांत मोबाइल मुका असतो. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागते. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे. अशा यंत्रांपायी प्रवाशांना अटकही झाली आहे.

उरतात जुने मार्ग. दारचाच्या पोलीस चौकीवर गाडीची नोंद होते. सरचूपर्यंतचा रस्ता सीमा रस्ते संघटनेच्या 'दीपक' प्रकल्पाकडे आणि पुढचा 'हिमांक'कडे आहे. त्यांचे कामगार आणि लष्करी तळ वाटेत भेटतात. घरी मुक्कामांची यादी आणि 'अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर 112 वर कळवा' अशी सूचना ठेवावी. ती वेळ ठरवताना एका दिवसाची ढील धरावी, कारण दरड कोसळून रस्ता दिवसभर बंद राहणे ही इथे नेहमीची गोष्ट आहे.