नवव्या गोलाचा हट्ट

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवले; तो एकमेव गोलही कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता.

याच स्पर्धेत भुवनेश्वर येथे भारतीय मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. सोळा गोल झाले, फेडता एकही आला नाही. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या संघाची ती विषम गाठ होती. त्यात मुलींचा दोष तो कोणता?

विश्वचषकात गुणफलक अटळ असतो. वसाहतीच्या मैदानावर मात्र नियम मोठ्यांच्याच हाती असतात. नॉर्वेमध्ये अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते लावले जात नाहीत. इंग्लंडमधील बालफुटबॉलमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवण्याची मुभा दिली जाते. त्यामुळे हरणाऱ्या मुलाच्या पायाशी चेंडू पुन्हा येऊ लागतो आणि जिंकणाऱ्यालाही झुंजावे लागते. आपल्याकडे आठ गोल झाल्यावरही सीमारेषेबाहेरून पालकांचा पुकारा चालूच राहतो, ‘अजून एक!’, आणि समोरचा चिमुकला गोलरक्षक जाळ्यातून चेंडू काढून आणतो.