यंत्राला ‘इसवण’ कशी कळणार? एआय एजंटच्या साधनाचं वर्णन लिहिताना

‘कुणकेश्वरच्या दर्यात बांगडा कमी झालाय का?’ हा प्रश्न रापणीवरच्या माणसाला विचारलात, तर तो आपल्या अनुभवावरून उत्तर देईल. हाच प्रश्न तुम्ही एखाद्या एआय एजंटला विचारलात, तर तो उत्तर कुठून आणेल? आजचा लेख त्याबद्दल.

एजंट म्हणजे नुसतं गप्पा मारणारं मॉडेल नव्हे. प्रश्न आला की कोणतं साधन वापरायचं हे तो ठरवतो, ते चालवतो आणि आलेल्या आकड्यांवरून उत्तर तयार करतो. समजा, आपण त्याला ‘मासळी_कल’ नावाचं साधन दिलं. मासा, ठिकाण आणि कालावधी सांगितला, की आवक वाढतेय की घटतेय हे ते सांगतं.

पण एजंटला सहसा साधनाच्या आतला कोड दिसत नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या पद्धतीत त्याला दिसतं ते साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधून पुढे जातो, आणि तोही अगदी ठामपणे. म्हणून हे वर्णन म्हणजे शेवटी उरकायचं काम नाही, तो साधनाचाच भाग आहे. त्यात काय हवं, ते बघू.

१. नावं. मालवणी माणूस ‘इसवण’ म्हणतो, मुंबईकर ‘सुरमई’. साधनाला फक्त ‘सुरमई’ माहीत असेल, तर ‘इसवण’ला रिकामं उत्तर येईल आणि एजंट सांगेल, ‘इसवण मिळालीच नाही.’ स्थानिक नावं चालतात का, हे वर्णनात लिहायलाच हवं.

२. शून्य आणि रिकामं. मासा मिळाला नाही आणि नोंदच झाली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. शून्य म्हणजे काय आणि रिकामी जागा म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगा.

३. बंदीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी ठरलेली आहे. मे महिन्याची तुलना जूनशी केली, तर आवक कोसळलेली दिसणारच! म्हणून लिहायचं: ‘तुलना मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी करावी.’

४. वर्ष कोणतं? कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था वार्षिक आकडे जानेवारी ते डिसेंबर असे देते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे एप्रिल ते मार्च असतात. ‘२०२२’ म्हणजे नेमकं काय, हे सांगितलं नाही तर एजंट दोन्ही एकाच रांगेत बसवेल. शिवाय संस्थेचे आकडे नमुना पाहणीवरून काढलेले अंदाज असतात, प्रत्येक टोपली मोजलेली नसते.

५. सुरुवात कुठून? केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन होती. २०२१ मध्ये ती जेमतेम ३,३०० टनांवर आली. २०१२ पासून बघितलं तर उतार, २०२१ पासून बघितलं तर चढ. मासा तोच! म्हणून उत्तरासोबत सुरुवातीचं वर्ष आलंच पाहिजे, आणि कालावधी लहान असेल तर साधनाने ‘कल सांगता येत नाही’ असं म्हणायची सोय हवी.

६. आवक म्हणजे साठा नव्हे. कुणकेश्वरसमोर पकडलेला मासा देवगड बंदरात उतरला, तर नोंद देवगडची. बोटी वाढल्या तर समुद्रातला मासा घटत असतानाही आवक वाढू शकते.

हे सगळं मिळून वर्णन साधारण असं होईल:

‘एखाद्या माशाची बंदरावरची आवक वर्षागणिक कशी बदलली, ते सांगते. एकक: टन. आकडे अंदाजित. वर्ष: जानेवारी ते डिसेंबर. स्थानिक नावं चालतात. शून्य म्हणजे आवक नाही. रिकामं म्हणजे नोंद नाही. पाच वर्षांपेक्षा कमी माहिती असेल तर कल देत नाही. समुद्रातला साठा किंवा घट होण्याचं कारण सांगण्यासाठी वापरू नये.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा वाद जुना आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, तरी वाद मिटलेला नाही. अशा ठिकाणी ‘२०१६ नंतर बांगडा वाढला’ हे एजंटचं एक वाक्य कुणीही पुरावा म्हणून पुढे करू शकतं. पाऊस, पाण्याचं तापमान, बोटींची संख्या यांतलं काहीही त्या आकड्यात नसतं.

एखादं साधन तपासायचं असेल, तर आधी त्याच्या वर्णनात ‘हे कशासाठी वापरू नये’ ही ओळ शोधा. ती नसेल, तर त्या साधनावरून आलेलं उत्तर जरा जपूनच घ्या.