पहिले पंधरा दिवस

सुरतेत गांजाची बातमी नेहमी किलोच्या हिशेबात छापून येते. ओडिशाकडून आलेल्या रेल्वेगाडीत अमुक किलो माल सापडला, पांडेसऱ्यात एका खोलीवर छापा पडला, दोघे ताब्यात. शहर पोलिसांच्या ‘नो ड्रग्ज इन सुरत सिटी’ मोहिमेच्या बातम्याही अशाच, वजन आणि किंमत सांगणाऱ्या. तो माल ओढणारा मुलगा त्या बातमीत नसतो. तो लिंबायत, नवागाम नाहीतर डिंडोलीच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात आईसमोर बसून सांगत असतो, ‘मना जीव घाबरस.’

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत हे वाक्य उच्चारलं गेलं की पहिला संशय गॅसवर जातो, दुसरा कुणाच्या नजरेवर आणि तिसरा मोबाइलवर. रात्री दोनला छातीत धडधड वाढते, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार असं त्याला खरोखर वाटतं. रिक्षा करून दवाखाना गाठतात. ईसीजी नॉर्मल निघतो, एक इंजेक्शन दिलं जातं, पहाटे सगळे घरी. डॉक्टरांनी विचारलेलं असतं, ‘काही व्यसन?’ आणि बापाने उत्तर दिलेलं असतं, ‘नाही, फक्त तंबाखू.’ बापाला खरंच माहीत नसतं. मुलगा गप्प राहतो, कारण त्याच्या मते गांजा हा आजार नसून त्याचं औषध आहे. त्याचं हे मत खोटं ठरवण्याआधी ते कुठून आलं हे समजून घ्यायला हवं, कारण सुरुवातीला त्याचा अनुभव तसाच असतो.

गांजातलं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेखुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. मेंदूत ते जिथे जाऊन चिकटतं त्या ग्राहींचा शोध लागला १९८८ मध्ये. हे ग्राही काही गांजासाठी बनलेले नाहीत. आपलं शरीर स्वतःच त्या जातीची रसायनं तयार करतं आणि भीती, झोप, भूक, ताण यांचा तोल त्यांच्याकरवी सांभाळतं. भीतीचा इशारा देणाऱ्या अमिग्डला या मेंदूच्या भागातही ते आहेत. थोड्या मात्रेत टीएचसी हा इशारा मंद करतं. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारे लूम, कापडाच्या मीटरवर ठरणारा पगार आणि एका खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसं, अशा दिवसानंतर पानाच्या गल्ल्यावरून आणलेल्या कागदी कोनातला पहिला झुरका डोकं शांत करतो, हे त्या मुलाचं म्हणणं खरं आहे.

मात्रा वाढली की तेच द्रव्य उलट काम करतं. नाडी जोरात चालते, संशय येतो, घाबरल्यासारखं होतं. धुरातून ते काही मिनिटांत मेंदूत पोचतं, म्हणून ओढणाऱ्याला थोडा तरी अंदाज येतो. भांग पोटातून जाते आणि चढायला अर्धा ते दोन तास घेते, म्हणून होळीला ‘काहीच होत नाही’ असं म्हणत दुसरा पेला घेणारे पुढे तासन् तास घाबरलेले राहतात. मालाची ताकदही पूर्वीची राहिलेली नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ मध्ये टीएचसी सरासरी चार टक्के होतं, २०१४ मध्ये ते बारा टक्क्यांच्या घरात गेलं. भगवान शंकराचा प्रसाद, साधूंची चिलीम हे दाखले आपल्याकडे फार सहज दिले जातात. सणाला एकदा घेतलेला पेला आणि रोज रात्री एकट्याने ओढलेले दोन-तीन कोन यांची तुलना होत नाही, आणि ती करून आपण आपल्याच पोरांची दिशाभूल करतो.

रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत पुढे काय होतं, तेच या विषयाचं मर्म आहे. बाहेरून टीएचसीचा मारा सुरू राहिला की मेंदू आपले ग्राही कमी करतो. मग तेवढ्याच गांजाने पूर्वीइतकं शांत वाटत नाही, आणि गांजा नसताना पूर्वीपेक्षा जास्त बेचैन वाटतं. शेठकडून घेतलेली उचल पुढच्या पगारातून कापली जाते, पगार अपुरा पडतो म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागते, तसं हे चक्र चालतं. सकाळची चिडचिड, दुपारची धडधड, माणसांत जायची भीती हा सगळा आपला स्वभावच आहे असं त्याला वाटू लागतं. त्यातला बराचसा भाग रात्रीच्या गांजाने तयार केलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून सोडण्याचे पहिले पंधरा दिवस निर्णायक ठरतात. शेवटच्या झुरक्यानंतर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो: अस्वस्थपणा, चीड, भूक मरणं, घाम, डोकेदुखी. झोप लागत नाही, आणि लागली तर इतकी ठळक, भयंकर स्वप्नं पडतात की माणूस झोपायलाच घाबरतो. पहिल्या आठवड्यात हे सगळं शिगेला पोचतं, दोन-तीन आठवड्यांत उतरतं. झोप मात्र त्याहून उशिरा सुधारते. दारूसारखी थरथर, झटके यात नसतात, म्हणून ‘गांजाची सवय लागत नाही’ असा समज वर्षानुवर्षं टिकला. मानसोपचाराच्या डीएसएम-५ या प्रमाणग्रंथाने गांजा सोडल्यावरच्या या त्रासाला २०१३ मध्ये स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली.

आता त्या मुलाच्या जागी राहून पाहा. त्याने मनापासून सोडलं, चौथ्या दिवशी जीव असा घाबरला की भिंती अंगावर आल्यासारख्या वाटल्या. त्याने कोन पेटवला आणि दहा मिनिटांत सगळं शांत झालं. यातून तो एकच निष्कर्ष काढणार: मला गांजाची गरज आहे. तो त्रास गांजा निघून जातानाचा होता आणि आणखी दहा-बारा दिवसांत ओसरणार होता, हे त्याला आधी माहीत असतं तर निष्कर्ष बदलला असता. मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे की रोज ओढणाऱ्यांचे घटलेले ग्राही साधारण चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर जवळपास पूर्ववत होतात.

सगळी चिंता गांजाचीच असते असं मात्र नाही. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या, लाजाळू मुलांना या व्यसनाचा धोका जास्त असतो, असं संशोधन सांगतं. आणि सुरतेत चिंता करायला कारणं आहेतच. हिऱ्याच्या मंदीत कारागिरांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये डायमंड वर्कर्स युनियनला हेल्पलाइन सुरू करावी लागली. २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लादल्यावर हिरे आणि कापड दोन्ही धंद्यांना झळ बसली. ज्याला आधीपासून चिंतेचा आजार आहे त्याचा नुसता गांजा काढून घेतला आणि चिंता तशीच ठेवली, तर तो परत गांजाकडे जाणार. दोन्हींवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत, आणि आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. घरचे म्हणतात आधी व्यसन सोड, मग बघू.

गांजा सोडवणारं मान्यताप्राप्त असं खास औषध अजून नाही. उपचार मुख्यतः बोलण्यातून होतात. मुलाच्या स्वतःच्या मनातली सोडण्याची कारणं वर आणणं, ओढावंसं कधी आणि कुठे वाटतं हे त्याच्याबरोबर शोधणं, धडधड सुरू झाली की ‘मी मरतोय’ या विचाराला तपासून पाहायला शिकवणं. काही आठवड्यांचं हे नियमित काम आहे. चिंतेचा आजार वेगळा निघाला तर डॉक्टर त्याची औषधं देतात, आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. थायरॉइडची तपासणीही करून घेतात, कारण थायरॉइड वाढल्यावरही जीव असाच घाबरतो. मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळी हा मार्ग नाही. तिचीच सवय लागते आणि एकाऐवजी दोन व्यसनं सोडवावी लागतात. तंबाखूत मिसळून गांजा ओढणाऱ्याला तंबाखूचाही वेगळा विचार करावा लागतो.

सुरतेत यासाठी दूर जावं लागत नाही. मजुरा गेटजवळचं नवीन सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं, स्मीमेर महापालिकेचं. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. हिंदी-गुजरातीत मनातलं सांगणं जड जात असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी तो फिरवावा. कानात आवाज येणं, सगळे आपल्यावर टपले आहेत अशी पक्की खात्री वाटणं, असं काही दिसलं तर मात्र फोनवर न थांबता थेट रुग्णालयात न्यावं.

लोकांना सर्वांत जास्त अडवते ती पोलिसांची धास्ती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. सिव्हिल आणि स्मीमेर दोन्ही या व्याख्येत बसतात. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे डॉक्टरांना खरं सांगण्यात धोका नाही. खरं न सांगण्यात मात्र आहे, कारण मग फक्त ईसीजी निघत राहतात.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. भांग, गांजा, चरस यांच्यामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक देशात आहेत, असा त्याचा अंदाज. त्यातल्या फार थोड्यांना ती मिळते. आपल्या घरांत तर अजूनही दोनच उपाय चालतात: गावाला पाठवा, नाहीतर लग्न लावून द्या. गावी संगत तुटते हे खरं, पण नेमके ते वाईट पंधरा दिवस मुलगा शेतावरच्या खोलीत एकटा काढतो, आणि सुरतेला परतल्यावर तीच पाळी, तीच खोली, तोच गल्ला. लग्नाने तर एका मुलीला न सांगता या सगळ्यात ओढलं जातं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने घरच्यांना उपचारात सामील करून घेतलं, व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालवला. सुरतेतल्या खानदेशी मंडळांनी, ज्ञाती समाजांनी वधू-वर मेळाव्याइतकीच मेहनत अशा एखाद्या गटासाठी घ्यावी, असं मला फार वाटतं.

तोवर घरच्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे. त्या पंधरा दिवसांवर कॅलेंडरमध्ये आधीच खुणा करून ठेवाव्यात आणि शक्य असेल तर रात्रपाळी टाळावी. चिडला तर वाद वाढवू नये, जेवला नाही तर थोडं थोडं द्यावं, चहा-कॉफी संध्याकाळनंतर बंद ठेवावी. मेडिकलवर मिळणाऱ्या लघवीच्या चाचणीवरून त्याला चोर ठरवू नये. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यात चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तो खरं बोलत असू शकतो. आणि एखाद्या रात्री त्याने पुन्हा ओढलाच, तर दुसऱ्या दिवशी ओपीडीत जाऊन तेही सांगायचं. डॉक्टर त्याला हाकलून देणार नाहीत, फक्त विचारतील की त्या दिवशी काय झालं होतं, आणि उपचार तिथून पुढे चालू होतील.