रोजंदारीवरचा कॅचर

महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात मी दोन वर्षे राखीव यष्टिरक्षक आहे. नेट्समध्ये सर्वांच्या गोलंदाजीला तोंड द्यायचे आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावायचे, असा या पदाचा थाट. त्यामुळेच असेल, पण अमेरिकेतल्या बेसबॉलविषयी वाचू लागलो तेव्हा माझी नजर षटकार मारणाऱ्या बहाद्दरांवर ठरली नाही. ती ठरली फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवे बसलेल्या गृहस्थावर. त्याला कॅचर म्हणतात. त्यातही ज्याला कोणताच संघ कायमचा ठेवून घेत नाही, आणि ज्याच्यावाचून कोणत्याच संघाचे भागतही नाही, अशा कॅचरची ही कहाणी आहे.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. वाटते की याचा संबंध प्रवासाशी असावा. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘दिवस’. उमेदवारी संपवलेला, काम पक्के शिकलेला, पण स्वतःचे दुकान नसल्याने दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्या भाषेत रोजंदारीवरचा माणूस.

आधी त्याचे काम पाहू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकतो. कॅचर तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर कवच आणि नडग्यांवर पॅड बांधून तो झेलतो. एका सामन्यात असे दीडशेच्या आसपास चेंडू, आणि प्रत्येक वेळी ऊठबस. गुडघे आणि बोटे यांचे काय होत असेल ते सांगायला नको. पण झेलणे हा कामाचा निम्माच भाग. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे बहुधा तोच सुचवतो. पूर्वी मांड्यांच्या मध्ये बोटांच्या खुणा करून, २०२२ पासून बटणांच्या छोट्या यंत्रावरून. समोरचा फलंदाज कुठे कच्चा आहे, आपला पिचर आज बिथरला आहे काय, हे त्याला ओळखावे लागते. चोरून धाव घेणाऱ्याला बाद करण्यासाठी १२७ फुटांवरच्या दुसऱ्या तळावर सुमारे दोन सेकंदांत चेंडू पोचवावा लागतो.

आता यातले गणित पाहा. हे काम इतके कष्टाचे की एकच माणूस हंगामातले १६२ सामने खेळू शकत नाही. म्हणून प्रत्येक संघ किमान दोन कॅचर बाळगतो. संघ ३०, तेव्हा वरच्या दर्जाच्या जागा साठाच्या आसपास. यांपैकी दुसऱ्या जागेसाठी फलंदाजी बेताची असली तरी चालते. हात सुरक्षित हवेत आणि डोके थंड हवे. कोणाचा गुडघा कधी जाईल याचा नेम नसल्याने दुसऱ्याच्याही पाठीमागे तिसरा तयार ठेवावा लागतो. तो तिसरा माणूस म्हणजे आपला नायक.

तो राहतो कुठे? खालच्या साखळीत, म्हणजे मायनर लीगमध्ये. सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा तिच्या पायऱ्या आहेत. लहान गावे, रात्रीचे बसप्रवास, पूर्वी भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणे, आणि हंगाम संपला की दुसरी नोकरी, हे तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे जिणे. ट्रिपल-ए च्या खेळाडूचे किमान वार्षिक उत्पन्न २०२२ पर्यंत सुमारे १७,५०० डॉलर होते. खेळाडूंनी संघटना केली, तेव्हा २०२३ च्या पहिल्या करारात ते ३५,८०० झाले. त्याच वर्षी वरच्या साखळीतले किमान वेतन होते ७,२०,००० डॉलर, म्हणजे वीसपट! हे वेतन दिवसाच्या हिशेबाने मिळते. त्या वर्षी वर एक दिवस काढला की जवळजवळ चार हजार डॉलर मिळत. असे ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. मग माणूस दिवस मोजू लागला तर नवल काय? ‘रोजंदारी’ हा शब्द येथे अगदी शब्दशः खरा ठरतो.

एरिक क्राट्झ याचेच उदाहरण घ्या. २००२ साली ईस्टर्न मेनोनाइट या छोट्या विद्यापीठातून टोरोंटोच्या संघाने त्याला निवडले, तेही २९ व्या फेरीत. त्याच्याआधी ८६५ जणांची नावे पुकारून झाली होती. वरच्या साखळीतला पहिला सामना त्याला मिळाला १७ जुलै २०१० रोजी, पिट्सबर्गकडून. तेव्हा वय ३०. याच वयात कित्येक कॅचर गुडघे धरून घरी बसतात. पुढे फिलाडेल्फिया, पुन्हा टोरोंटो, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को, टॅम्पा बे असा संसार पाठीवर घेऊन तो हिंडला. ११ हंगाम, नऊ संघ, आणि सामने अवघे ३३२. म्हणजे दोन हंगामांहून थोडे अधिक. फलंदाजीची सरासरी .२०९, म्हणजे शंभर संधींत एकवीस यशस्वी फटके. आकडे पाहून कोणी त्याला अपयशी म्हणेल.

पण २०१८ ची गोष्ट ऐका. मे महिन्यात न्यूयॉर्कने त्याला मिलवॉकीकडे धाडले. त्या शरद ऋतूत मिलवॉकी बाद फेरीत पोचले, आणि ३८ वर्षांचा क्राट्झ आयुष्यात प्रथमच अशा सामन्यात उतरला. कोलोरॅडोविरुद्धच्या मालिकेत त्याने आठ संधींत पाच यशस्वी फटके मारले. सोळा वर्षांची तयारी तीन दिवसांत फळाला आली!

आणि फळ आले नसते तर? हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण बहुतेकांना ते येत नाही. मात्र अशी वर्षे अगदीच वाया जातात असेही नाही. बाकावर बसून सारा खेळ समोरून पाहणारा, रोज नव्या पिचरचा स्वभाव ओळखणारा माणूस नकळत शिक्षक होत असतो. ब्रूस बोची नऊ हंगामांत केवळ ३५८ सामने खेळलेला राखीव कॅचर. पण व्यवस्थापक म्हणून त्याने २०१०, २०१२, २०१४ आणि २०२३ अशा चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. स्टीफन व्होग्टला वरच्या साखळीत पहिल्या ३२ संधींत एकही यशस्वी फटका मारता आला नव्हता. २०२२ साली अखेरच्या संधीत त्याने होमरन मारून निरोप घेतला, आणि २०२४ मध्ये क्लीव्हलँडचा व्यवस्थापक होताच आपल्या लीगमधला वर्षातला सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला.

आपल्याकडे यश म्हणजे पहिला क्रमांक, बाकी सारे गंगार्पण, अशी समजूत घट्ट बसली आहे. कारागिराच्या जगात मोजमाप वेगळे असते. बोलावणे येईल तेव्हा हत्यारे परजलेली आहेत की नाहीत, एवढेच तिथे विचारतात. बोलावणे येणे आपल्या हाती नाही. हत्यारे आपल्या हाती आहेत.

उद्या सकाळी सहाला नेट्स आहेत. सामन्यासाठी माझे नाव लागेल असे वाटत नाही. तरी ग्लोव्ह्जना तेल लावून ठेवले आहे.