चांदीच्या वाटा (७) : पोटात निखारे

गेल्या आठवड्यात आपण पोतोसीच्या डोंगरापाशी थांबलो होतो. १५४५ मध्ये तिथली चांदी हाती लागली आणि पुढे अँडीजमधल्या श्रीमंतांच्या घरी ताट-तबकंच काय, ऊद जाळायचं भांडंही चांदीचं आलं. स्पॅनिशमध्ये त्याला म्हणतात साउमादोर. आपलं धुपाटणं.

पण दिसायला ते धुपाटणं नाहीच. तबकावर टर्की उभा असतो, पिसारा फुलवून, मान आखडून. नाहीतर हरीण, सिंह, लामा. पाठ बिजागरीवर उघडते. आत निखारे घालायचे, वर धूप टाकायचा आणि पाठ मिटायची. जरा वेळाने पिसांच्या फटींतून धूर झिरपू लागतो. खालचं तबक नुसतं शोभेला नसतं, ते राख झेलतं आणि टेबल भाजू देत नाही. मला सगळ्यांत आवडतो तो आर्माडिलो. चिलखत त्याला जन्मजातच, सोनाराने फक्त खवले उठवायचे!

या कामात नाव झालं उआमांगाचं, म्हणजे आजच्या आयाकुचोचं. लिमा-कुस्को वाटेवरचं हे गाव. तिथलं तारकाम बघत राहावं असं. दोन बारीक तारा एकमेकींत पिळायच्या, तो पीळ चपटा करायचा, त्याची वेटोळी जाड तारेच्या चौकटीत बसवायची आणि टाकणखार लावून डाग द्यायचा. आच जरा चढली की डागाबरोबर नक्षीही वितळली.

आता एक जुनी वस्तू आठवा. इंकांच्या काळातला, तळहातावर मावेल एवढा दगडी लामा, पाठीत गोल खळगा. त्यात चरबी आणि कोकाची पानं ठेवायची, म्हणजे कळप वाढतो. या मूर्तीला कोनोपा म्हणत. सतराव्या शतकात पाद्री घरोघरी फिरून असे कोनोपा जप्त करत, फोडून टाकत. आरियागा नावाच्या जेझुइटाने १६२१ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल तपशिलाने लिहिलंय. आणि त्याच मुलखात पाठ उघडणारा चांदीचा प्राणी दिवाणखान्यात मानाने बसला. मी यातून सरळ वंशवेल काढणार नाही. सिंह पेरूत कधी नव्हताच, तो स्पेनच्या राजचिन्हातून आला. टर्की मूळचा मेक्सिकोचा. पण इंकांच्याही आधी तितिकाका सरोवराकाठच्या तिवानाकूत पुमाच्या रूपातली मातीची धुपाटणी होती. जनावराच्या अंगातून धूर निघणं या डोंगराळ मुलखाला नवं नव्हतं, एवढं नक्की.

धुपाटण्याचा मान आजही टिकून आहे. लिमात दर ऑक्टोबरमध्ये 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस'ची, म्हणजे चमत्कारांच्या प्रभूची मिरवणूक निघते. डोक्यावर पांढरा पदर, अंगात जांभळा झगा अशा बाया धुपाटणी घेऊन पालखीपुढे चालतात, त्याही उलट्या पावलांनी, ख्रिस्ताच्या चित्राकडे पाठ होऊ नये म्हणून.

वसाहतकाळातल्या अँडीजच्या कितीतरी चांदीच्या भांड्यांवर राजाचा कर भरल्याचा सरकारी शिक्का सापडत नाही. चांदीतला राजाचा हा पाचवा हिस्सा कसा चुकवला जाई, ते पुढच्या भागात.